अमेरिका सोडायची, पण जायचं कुठे?

गुजरातच्या किनाऱ्यावर वाडिनार येथे नायरा एनर्जीची रिफायनरी आहे. वर्षाला दोन कोटी टन कच्चे तेल शुद्ध करण्याची तिची क्षमता. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा 49.13 टक्के हिस्सा आहे, आणि त्यामुळे 18 जुलै 2025 रोजी युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांच्या अठराव्या पॅकेजमध्ये तिलाही ओढले. पुढच्या काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. आउटलुक उघडेना, टीम्स चालेना, आणि पैसे मोजून घेतलेल्या सेवेत साठवलेला स्वतःचाच डेटा कंपनीच्या हाती लागेना. भारतीय कायद्याने नायरावर कसलीही बंदी नव्हती. अमेरिकेनेही त्या वेळी तिच्यावर निर्बंध घातलेले नव्हते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, ईमेलसाठी मुंबईच्या रेडिफकडे वळली, आणि 30 जुलैला मायक्रोसॉफ्टच्या सेवा पूर्ववत झाल्या. सुनावणी रंगण्याआधीच सेवा सुरू झाल्यामुळे एक प्रश्न तसाच राहून गेला: भारतात, भारतीय कायदा पाळून चालणाऱ्या ग्राहकाची सेवा परदेशी कंपनी कुणाच्या सांगण्यावरून तोडू शकते?

या घटनेनंतर आपल्याकडे आणि त्याआधीपासून युरोपात एक मत जोर धरते आहे. अमेरिकन कंपन्यांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, दुसऱ्या देशांचे पर्याय शोधा, असे ते मत. यातला अविश्वास मला शंभर टक्के रास्त वाटतो, उपाय मात्र अर्धवट वाटतो. आज ज्याची सेवा घेतो त्याला उद्या सोडता येईल, ही तजवीज आधी हवी. तो कोणत्या देशाचा, हा प्रश्न त्यानंतरचा. हे म्हणणे एकट्याने मांडत गेलो तर आक्षेप सोयीचे तेवढेच निवडले जातील, म्हणून ते दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो. एक आहेत नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागाच्या प्रमुख वहिनी. दुसरे त्यांचे दीर. ते ग्राहक चळवळीतले, परदेशी घडामोडी बारकाईने वाचणारे, आणि अमेरिकेवर सध्या भलतेच संतापलेले.

भाऊजी : वहिनी, हा नुसता राग नाही, त्याला कागदोपत्री आधार आहे. 2013 साली एडवर्ड स्नोडेनने कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा प्रिझम योजनेत मायक्रोसॉफ्ट, गूगल, फेसबुक, अ‍ॅपल अशी आपल्या रोजच्या वापरातली नावं निघाली. आपण खांदे उडवले. मार्च 2018 मध्ये तिकडे क्लाउड अ‍ॅक्ट आला. अमेरिकन कंपनीच्या ताब्यातला डेटा जगाच्या पाठीवर कुठेही ठेवलेला असला तरी तिथल्या कायदेशीर आदेशानुसार तो हजर करावा लागतो, असा तो कायदा. म्हणजे डेटा सेंटर पुण्यात आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. जून 2025 मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या चौकशी समितीपुढे मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या कायदेविषयक प्रमुखांना शपथेवर विचारलं गेलं: फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय फ्रेंच नागरिकांचा डेटा अमेरिकेच्या हाती पडणार नाही, अशी हमी देता का? हमी देऊ शकत नाही, असं त्यांनी उत्तर दिलं. आजवर तसं घडलेलं नाही, अशी पुस्तीही जोडली. आता ही काही कुणा टीकाकाराची भाषा नाही, कंपनीच्याच माणसाची साक्ष आहे.

आणि डेटा बघण्यापेक्षा सेवा तोडणं जास्त भयंकर. फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाविरुद्ध निर्बंधांचा आदेश काढला. मुख्य अभियोक्ता करीम खान यांचं मायक्रोसॉफ्टचं ईमेल बंद पडलं आणि ते स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनकडे गेले, अशी बातमी मे महिन्यात आली. न्यायालयाची सेवा आपण कधीच थांबवली नाही, असं कंपनी म्हणते. ते क्षणभर खरं मानू. पण ऑगस्टमध्ये निर्बंध आलेल्या, त्याच न्यायालयातल्या निकोला गियू या फ्रेंच न्यायाधीशांचं काय? त्यांची अ‍ॅमेझॉन, एअरबीएनबी, पेपालची खाती बंद झाली. एक्स्पीडियावरून फ्रान्समधल्याच हॉटेलात केलेलं बुकिंग रद्द झालं. माणूस फ्रेंच, हॉटेल फ्रान्सचं, आणि खोली मिळणार की नाही हे ठरवणार वॉशिंग्टन! एवढं झाल्यावरही आपण दुसरीकडे बघायचं नाही? ईमेलला प्रोटॉन आहे, फाइलींना जर्मनीचं नेक्स्टक्लाउड आहे, शोधायला फ्रान्सचं क्वांट आहे, घरचंच हवं तर झोहो आहे.

वहिनी : तुमच्या पुराव्यातलं एकही वाक्य मी खोडत नाही. गियूंच्या बाबतीत घडलं ते तर कुठल्याही बँकवाल्याची झोप उडवणारं आहे. पण ज्या नायरावरून आपलं बोलणं निघालं, तिथे आदेश कुणाचा होता ते आठवा. वॉशिंग्टनचा नव्हता, ब्रसेल्सचा होता. नायराने तुमच्या सल्ल्यानुसार आधीच अमेरिका सोडून एखाद्या जर्मन किंवा फ्रेंच कंपनीचं ईमेल घेतलं असतं तर काय झालं असतं? मायक्रोसॉफ्टवर ते निर्बंध लागू होतात की नाही यावर निदान वाद घालता आला, न्यायालयात जाता आलं. युरोपातल्या कंपनीवर तो आदेश थेट बंधनकारक असता आणि तिने कदाचित त्याच दिवशी खातं गोठवलं असतं. ज्या प्रसंगाने तुमची युरोपकडे धाव सुरू झाली, त्याच प्रसंगात युरोप हाच धोका होता.

आता स्वित्झर्लंड. झुगजवळच्या क्रिप्टो एजी या कंपनीची सांकेतिक संदेशांची यंत्रं शंभरावर देशांची सरकारं वापरत होती. कारण एकच, देश तटस्थ आहे. 1970 मध्ये ती कंपनी सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या बीएनडीने गुपचूप विकत घेतली होती. तिची यंत्रं मुद्दाम कच्ची ठेवलेली असत, म्हणजे संदेश वाचता यावेत. हे जगाला कळलं फेब्रुवारी 2020 मध्ये. तिच्या गिऱ्हाइकांत भारत होता आणि पाकिस्तानही होता. मी प्रोटॉनवर शिंतोडे उडवत नाही, तिचं काम चांगलं आहे. पण 2021 मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता तिला द्यावाच लागला. कंपनी जिथे राहते तिथला कायदा तिला पाळावा लागणारच. आणि पाटी युरोपीय असली म्हणून आतला मालही युरोपीय असतो असं नाही. क्वांट आणि इकोझिया या दोन्ही युरोपीय शोधयंत्रांनी वर्षानुवर्षं मायक्रोसॉफ्टच्या बिंगचे निकाल वापरले. मे 2024 मध्ये बिंग बंद पडलं तेव्हा इकोझियाही बंद पडलं. घरमालक बदलला म्हणून भाडेकरू काही मालक होत नाही, भाऊजी.

भाऊजी : हा युक्तिवाद ऐकायला छान आहे, पण त्यात एक खोट आहे. सगळेच थोडेफार वाईट, म्हणून आहे तिथेच बसा, असा त्याचा शेवट होतो. धोका सगळीकडे असतो, पण सगळीकडे सारखा नसतो. युरोपच्या क्लाउड बाजारात तीन अमेरिकन कंपन्यांचा वाटा सुमारे 70 टक्के आहे, सगळ्या युरोपीय कंपन्यांचा मिळून जेमतेम 15. ही नुसती परावलंबनाची गोष्ट नाही, एकाच दावणीला बांधून घेण्याची आहे. गियूंचं ईमेल एका देशाचं, कार्ड दुसऱ्या देशाचं, प्रवासाचं बुकिंग तिसऱ्याचं असतं तर एका सहीत त्यांचं सगळं जगणं अडलं नसतं. क्रिप्टो एजीचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण तिथेही मागे सीआयएच होती ना? म्हणजे ते माझ्याच बाजूला जमा करा.

इथे भाऊजींना गुण द्यावे लागतात. अमेरिका आणि इतर देश यांत फरक नाही असे म्हणणे हा आळस झाला. एवढी कार्ड, एवढे क्लाउड, एवढे फोन एकाच कायद्याखाली दुसऱ्या कोणत्याही देशात गोळा झालेले नाहीत, आणि ती ताकद न्यायाधीशांवर वापरण्याची तयारी तिथल्या सरकारने उघडपणे दाखवली आहे. धोका विभागणे हे शहाणपणाचेच. पण विभागायचा म्हटला तर तो हलवता यायला हवा. दहा वर्षांचे ईमेल, करारांच्या फाइली, कर्मचाऱ्यांची लॉगिन, हिशेबाच्या एक्सेलमधले जुने मॅक्रो हे सगळे एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चालू करता येत नसेल, तर पर्यायांची यादी कितीही लांब असो, ती कागदावरच राहते. आणि उचलता येते की नाही हे कंपनीच्या राष्ट्रीयत्वावर ठरत नाही. याचा सर्वात जवळचा पुरावा मराठी छपाईच्या धंद्यात आहे, आणि तो वहिनींना ठाऊक आहे, कारण बँकेचे वार्षिक अहवाल छापून घेण्यात त्यांची बरीच वर्षे गेली असणार.

वहिनी : सीआयए मागे होती हे कबूल, पण गिऱ्हाइकांनी पाहिली होती ती स्विस पाटीच, आणि माझा आक्षेप पाटीवर विसंबण्याला आहे. तुम्ही वीस वर्षांपूर्वीचा एखादा मराठी अहवाल आज उघडून बघा. पेजमेकरची फाइल. उघडलीच तर पडद्यावर मराठीच्या जागी एबीसीडीची खिचडी, मध्येच डॉलरचं चिन्ह, मध्येच कंस. कारण तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या मराठी आकृत्या होत्या. एका पॅकेजमध्ये जिथे ‘क’ बसवलेला, तिथे दुसऱ्यात भलतंच काही. डीटीपी ऑपरेटरकडे ज्या कंपनीचा फॉन्ट, त्याच कंपनीच्या फॉन्टमध्ये मजकूर वाचता यायचा. सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागे डाँगल लावावा लागे. डाँगल हरवला की काम ठप्प. हे सगळं इथलंच होतं बरं का, आपल्या लिपीसाठी आपल्याच माणसांनी केलेलं, आणि त्या काळात त्यांनी मराठीची फार मोठी सोय केली हेही खरं. पण एका पॅकेजमधून दुसऱ्यात जाता येत नव्हतं. किती पुस्तकं, किती अंक तसेच अडकून पडले. मजकूर पुन्हा टाइप करा, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढून एकेक जोडाक्षर तपासत बसा.

त्यातून सुटका कशाने झाली? युनिकोडने. आणि युनिकोड कन्सॉर्शियम कुठलं? 1991 मध्ये कॅलिफोर्नियात नोंदलेलं, तुम्हाला ज्यांचा राग येतो त्याच कंपन्या त्याच्या सभासद. तरीही आज मराठी मजकूर कुठल्याही फोनवर, कुठल्याही फॉन्टमध्ये, कुठल्याही देशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, कारण कुठल्या अक्षराला कुठला आकडा हे जाहीर आहे आणि ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यातल्या देवनागरीची मांडणीही मुळात आपल्याच इस्की या मानकाच्या 1988 च्या आवृत्तीवरून घेतलेली. स्वदेशी कुलपात आपण अडकलो होतो आणि अमेरिकेत बसलेल्या संस्थेच्या खुल्या मानकाने सुटलो. हे मला अमेरिकेचं कौतुक म्हणून सांगायचं नाही. सोडून जाता येणं कशामुळे शक्य होतं, तेवढंच दाखवायचं आहे.

भाऊजी : मानकं ठीक आहेत, पण मानकाने कुणाचं कार्यालय चालत नाही. त्याच्यावर चालणारी व्यवस्था लागते, आणि तिथेच घोडं पेंड खातं. म्युनिकचं काय झालं? 2003 मध्ये नगरपालिकेने गाजावाजा करून विंडोज सोडून लिनक्स घ्यायचं ठरवलं. दहा वर्षं खपून जवळपास 15,000 संगणक हलवले. 2017 मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. खुलं, जाहीर, कुणाच्या मालकीचं नसलेलं असं सगळं असूनही माणसं कंटाळली. मग माझा साधा प्रश्न: पूर्ण सुटका करणारा मार्ग अवघड आहे, तर निदान झोहोसारखी तयार, चकचकीत, अमेरिकेबाहेरची सेवा घेणं जास्त व्यवहारी नाही का?

वहिनी : म्युनिक सगळे सांगतात, फ्रान्सचं जँडार्मरी हे पोलीस दल मात्र कुणी सांगत नाही. त्यांनी 2005 मध्ये विंडोज तसंच ठेवून फक्त ओपनऑफिस आणलं. लोकांच्या हाताला ते बसल्यावर 2008 पासून हळूहळू खालची यंत्रणा बदलली, आणि आज एक लाखाहून जास्त संगणक लिनक्सवर आहेत. म्युनिकमध्ये सत्ता बदलली, महापौर बदलले, इच्छा संपली. दलात ती टिकली. तंत्र दोन्हीकडे साधारण तेच होतं. जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं की 40,000 वर मेलबॉक्स, त्यातले दहा कोटींहून जास्त ईमेल आणि कॅलेंडरच्या नोंदी त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमधून काढून ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्डवर नेल्या. सहा महिने लागले. मधल्या काळात न्यायालयांनी ईमेल वेळेवर येत नाहीत म्हणून ओरडा केला. कर विभागात जुन्या प्रणाल्या एवढ्या घट्ट बसलेल्या की तो विभाग मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस आणण्याच्या बदलातून तूर्त बाजूलाच ठेवला. पण गंमत बघा, ईमेल निघालं, कारण ईमेल ही पन्नास वर्षांपासून कुणा एकाच्या मालकीची नसलेली चीज आहे. कर विभाग अडला, कारण तिथली कामं एकाच कंपनीच्या सोयींवर बेतलेली होती.

पैशाचंही ऐका, कारण संचालक मंडळ तेवढंच ऐकतं. त्या राज्याने वर्षाला लायसन्सचे दीड कोटी युरो वाचतील असं सांगितलं, आणि 2026 मध्ये बदलासाठी 90 लाख युरो एकरकमी खर्च धरले. म्हणजे खर्च आहे, पण तो पुढच्या वेळी हलणं स्वस्त करण्यासाठी आहे. तुमच्या तयार, चकचकीत सेवेत घातलेला पैसा तिथेच मुरतो.

वहिनींच्या या आकड्यांवर एक शेरा मारायला हवा. ते राज्य सरकारने स्वतः दिलेले आहेत, आणि बदल करणारे सरकार आपल्या बदलाचा हिशेब उजळच दाखवते. पण पैशापेक्षा भक्कम पुरावा दुसरीकडे आहे, आणि तो अशा देशाचा की त्याचे नाव घेताना अवघडायला होते. मार्च 2014 मध्ये क्रिमियाच्या प्रकरणानंतर व्हिसा आणि मास्टरकार्डने काही रशियन बँकांची सेवा अचानक तोडली. रशियाने त्यावर काय केले ते नीट पाहण्याजोगे आहे. त्याने व्हिसाची कार्डे फेकून दुसऱ्या कुणा देशाची आणली नाहीत. देशातल्या देशात होणारे सगळे कार्ड-व्यवहार, कार्डावर नाव कुणाचेही असो, आपल्या मध्यवर्ती बँकेच्या नव्या यंत्रणेतूनच गेले पाहिजेत, असा कायदा केला. मीर हे स्वतःचे कार्ड त्यानंतर, 2015 च्या अखेरीस आले. मार्च 2022 मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर दोन्ही कंपन्या रशिया सोडून गेल्या, तेव्हा लोकांच्या खिशातली व्हिसाची कार्डे परदेशात निरुपयोगी झाली, पण रशियाच्या दुकानांत चालत राहिली. निर्बंधांमागच्या नैतिक कारणांशी मी सहमत आहे. तरीही व्यवस्था म्हणून काय टिकले, हे त्या देशाबद्दलच्या रागाने झाकता येत नाही: कंपनी परदेशी राहिली तरी चालले, रस्ता तिच्या मालकीचा नव्हता म्हणून.

भाऊजी : मग आपलं यूपीआय काय वेगळं आहे? तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. मुंबईच्या एनपीसीआयने 2016 मध्ये आपलं स्वतःचं उभं केलं, म्हणून आज भाजीवालीकडे क्यूआर कोड आहे.

वहिनी : यूपीआय आपलं आहे, पण त्यावर चालणारी अ‍ॅप कुणाची? फोनपे वॉलमार्टच्या मालकीचं, गूगल पे गूगलचं, आणि दोघांचे मिळून सुमारे 80 टक्के व्यवहार. कुठल्याही एका अ‍ॅपचा वाटा 30 टक्क्यांवर जाऊ नये असा नियम 2020 मध्ये ठरला आणि त्याची मुदत ढकलत ढकलत 2026 च्या अखेरीपर्यंत नेली. म्हणजे वरवर बघता यूपीआयही अमेरिकेच्याच खिशात आहे. पण उद्या ही दोन्ही अ‍ॅप बंद पडली तर आमच्या ग्राहकाचं खातं आमच्याच बँकेत राहतं. तो दुसरं अ‍ॅप उतरवतो, तोच मोबाइल नंबर टाकतो, पिन घालतो आणि त्याच भाजीवालीला त्याच कोडवर पैसे देतो. एखादा दिवस गोंधळ होईल, रांगा लागतील, पण धंदा बसणार नाही. ईमेलच्या बाबतीत नायराला ही सोय नव्हती. डेटा हातात असता तर रेडिफ काय आणि दुसरं कुणी काय, दोन दिवसांचा प्रश्न होता.

झोहोबद्दलही माझं हेच म्हणणं. केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचं ईमेल त्यांच्याकडे गेलं, त्याला माझी हरकत नाही, उलट बरंच वाटलं. तेनकासीसारख्या ठिकाणी बसून जगभर गिऱ्हाईक मिळवणारी कंपनी आहे. पण उद्या झोहोने दर दुप्पट केले, किंवा ती कुणी विकत घेतली, तर? सरकारच्या करारात पत्ता सरकारचा, डेटा कधीही नेता येण्याजोगा, हे असेल तर धोका नाही. आणि एक गोष्ट तुम्ही ग्राहक चळवळीतले असून बोलला नाहीत. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला सूट देऊ शकतं. सप्टेंबर 2025 मध्ये लोक झोहोचं अरट्टाई हे संदेशांचं अ‍ॅप धडाधड उतरवून घेत होते, तेव्हा त्यातल्या लेखी संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपला ते 2016 पासून होतं. परक्या सरकारने वाचू नये म्हणून आपण आपल्या सरकारला वाचता येईल अशा जागी गेलो, तर तो ग्राहकाचा फायदा कसा? देशप्रेमावर अ‍ॅप किती टिकतं तेही आपण ट्विटरला देशी पर्याय म्हणून आलेल्या कूच्या वेळी पाहिलं. मंत्री आले, खेळाडू आले, जुलै 2024 मध्ये बंद पडलं.

भाऊजी : कू बंद पडलं ते लोक ट्विटरवरच राहिले म्हणून. अरट्टाईचंही तेच होईल, कारण सगळी सोसायटी व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. तुमचं खुलं मानक इथे काय कामाचं? माझा डेटा मला पेनड्राइव्हवर घालून दिलात तरी मी जाऊ कुठे? माणसं तिथेच आहेत ना!

वहिनी : इथे मात्र तुम्ही मला पकडलंत. बँकेपुरतं मी सांगू शकते. करारात डेटा परत मिळण्याची मुदत लिहून घ्या, ईमेलचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर ठेवा, आणि वर्षातून एकदा एखाद्या शाखेचे सगळे मेलबॉक्स बॅकअपमधून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष उभे करून किती तास लागले ते मंडळापुढे ठेवा. आगीची ड्रिल करतो तशी ही सोडून जाण्याची ड्रिल. पण व्हॉट्सअ‍ॅप एकटा ग्राहक किंवा एकटी बँक सोडू शकत नाही. तिथे कायदाच लागतो. जानेवारी 2011 च्या आधी मोबाइल कंपनी बदलली की नंबर जायचा, म्हणून लोक वाईट सेवा सोसत बसायचे. पोर्टेबिलिटी आली आणि तोच दहा आकडी नंबर घेऊन माणसं निघाली. ते करायला कुठल्या परदेशी कंपनीला हाकलावं लागलं नाही, नवी सरकारी कंपनीही काढावी लागली नाही.

भाऊजी : आणि व्हॉट्सअ‍ॅपला तसं कोण करायला लावणार?

वहिनी : युरोपने लावलं. त्यांच्या डिजिटल मार्केट्स कायद्याखाली व्हॉट्सअ‍ॅपला इतर अ‍ॅपवरून येणारे संदेश घ्यावे लागतात. नोव्हेंबर 2025 मध्ये बर्डीचॅट आणि हायकेट ही पहिली दोन छोटी अ‍ॅप जोडली जाणार असल्याचं मेटाने जाहीर केलं. दोनच आहेत, आणि ज्याने ती सोय चालू केली त्यालाच मिळते. तरी तिथला माणूस व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकून व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांशी बोलू शकेल. म्हणजे युरोपाकडून घ्यायचंच असेल तर त्यांचं अ‍ॅप घेऊ नका, तो कायदा घ्या. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, हरकती मागवल्या, आणि मग तो रेंगाळला. तुमच्या ग्राहक पंचायतीने त्यावर काही पाठवलं होतं का?

भाऊजी : आम्ही त्या वेळी अमेरिकन कोल्ड्रिंकवर बहिष्काराच्या मागे होतो.